एकेचाळीस कागद आणि चार घंटा

त्या पावसाळ्याच्या शेवटी वर्धमाननं आणि मी मिळून तात्यांच्या घरात एकेचाळीस कागद चिकटवले. आकडा मला नक्की आठवतो, कारण चिकटवताना आम्ही तो वहीत लिहिला होता आणि काढताना मी तो पुन्हा मोजला होता. प्रत्येक कागदाला लाल किनार आणि आत काळ्या शाईत ठसठशीत अक्षर. 'स्वयंपाकघर', 'न्हाणी', 'संडास', 'पाण्याचा माठ', 'तात्यांची खाट', 'तात्यांच्या चपला'. अक्षर वर्धमानचं. हुपरीकडच्या जैन शेतकऱ्याचा हा मुलगा माझ्याच वर्गात होता, आणि त्याच्यासारखं अक्षर आमच्या अख्ख्या कॉलेजात कुणाचं नव्हतं, हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. गॅदरिंगच्या पाट्या, फळ्यावरच्या सूचना, मित्रांच्या बहिणींच्या लग्नातलं 'स्वागतम्', सगळं हाच लिहायचा आणि लिहून झालं की दोन पावलं मागं जाऊन, मान तिरकी करून स्वतःच बघत राहायचा. तात्यांच्या संडासाच्या दारापुढंही तो तसाच उभा राहिला होता.

हे सगळं सुरू झालं ते एका डॉक्टरीणबाईंमुळं. बारीक अंगाच्या, खणखणीत आवाजाच्या. त्या एकदा आमच्या वर्गावर आल्या आणि त्यांनी विचारलं, की कुणाच्या घरी किंवा शेजारी असं म्हातारं माणूस आहे का, जे जेवून उठल्यावर पाच मिनिटांत 'जेवायला वाढा' म्हणतं. निम्म्या वर्गानं हात वर केले आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हा म्हातारचळ नव्हे, हा मेंदूचा आजार आहे, त्याला अल्झायमर म्हणतात, आणि तो बरा करणारं औषध माझ्याकडं नाही. पण अशा माणसाची उस्तवार करणाऱ्या बाईला आठवड्यातून तीनदा दोन-दोन तास मोकळं सोडणारं कुणी मिळालं, तर निम्मं घर बरं होतं. तुम्ही तरुण आहात, रिकामे आहात, या. 'रिकामे आहात' हे त्या इतक्या सरळ बोलल्या की नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. आम्ही आठ जण गेलो. चार रविवार त्यांनी आम्हाला शिकवलं. वाद घालायचा नाही. 'मी कोण, ओळखा बघू' असली परीक्षा घ्यायची नाही. ते ज्या काळात असतील त्या काळात आपण जायचं, त्यांना ओढून आपल्या काळात आणायचं नाही. त्या घरातली गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही. आणि प्रत्येक भेटीनंतर वहीत नोंद करायची. मग दोघादोघांना एकेक घर वाटून दिलं, आणि वर्धमानच्या नि माझ्या वाट्याला कसबा बावड्यातलं तात्यांचं घर आलं.

मी समाजसेवेच्या ओढीनं गेले असं आज लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं नाही. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं, घरात माझ्या लग्नाचं वारं शिरलं होतं आणि दुपारी घरात सापडले की कुणी ना कुणी मला बघायला यायचं. आमचं लिंगायताचं घर, मिरचीचा व्यापार. खाली दुकान, वर आम्ही. आमच्याकडची सकाळ शिंकांनी उजाडायची. खाली पोती सुटली की वर अव्वा, म्हणजे माझी आई, एका हातावर इष्टलिंग ठेवून आणि दुसऱ्या हातानं पदर नाकाला लावून पूजा उरकायची. जिन्यानं वर येणारा पाहुणा पहिली पाच मिनिटं नुसता शिंकायचा. मला बघायला आलेला एक मुलगा तर इतका शिंकला की त्यानं मला नीट बघितलंच नाही, तरी नकार मात्र आठवणीनं कळवला. जोंधळ्याची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दह्याचा गोळा, एवढं जेवून मी सायकल काढायची ती थेट बावड्याच्या रस्त्याला लागायची.

वडिलांना, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, हे पसंत नव्हतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त एक विचारलं, की आपले अज्जा शेवटची दोन वर्षं मागच्या खोलीत पडून होते, तेव्हा तू त्या खोलीत किती वेळा गेलीस. प्रश्न बरोबर होता म्हणून मला फार राग आला. अज्जा मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारायचे आणि मी दर वेळी 'मी गिरिजा' म्हणून त्यांना सुधारायची. मग त्यांचा चेहरा पडायचा आणि मी खोलीतून सटकायची. अव्वाला हे माहीत होतं. ती भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "होगि बा." जाऊन ये. आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं कानडीत व्हायचं, आणि त्यावर मग मराठीत कुणी वाद घालायचं नाही.

तात्यांचं घर साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, एका बोळात होतं. पुढं कट्टा, मग सोपा म्हणजे बसायउठायची पडवी, मग दोन खोल्या, आणि मागं मोकळा गोठा. तात्यांनी सारं आयुष्य म्हशी पाळल्या. बायको गेल्यावर आणि त्यांचे गुडघे गेल्यावर मुलानं, तानाजीदादांनी, म्हशी विकल्या. पण गोठ्याचा वास भिंतीत राहिला होता. उंच, खांदे वाकलेले, पांढऱ्याशुभ्र मिशांचे तात्या दिवसभर खाटेवर गप्प बसायचे. पाच वाजायला आले की उठायचे. "धारंची येळ झाली," असं म्हणून बादली शोधायचे आणि दाराकडं निघायचे. म्हशी विकल्यात असं कुणी सांगितलं तर ते त्यांना पहिल्यांदाच कळायचं, आणि ते लहान मुलासारखे रडायचे. दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा तेच.

तानाजीदादा कारखान्यात पाळीवर जायचे. घर ओढायच्या त्या त्यांच्या बायको, मंगलवहिनी. आम्ही पहिल्या दिवशी गेलो आणि त्यांना म्हटलं, आता दोन तास तुमचे, कुठंही जाऊन या. त्या बाहेर गेल्या आणि दोन तास कट्ट्यावरच बसून राहिल्या. इतक्या महिन्यांत कुठं जायचं असतं हेच विसरलेय, असं आत येऊन म्हणाल्या आणि हसल्या. जीवाला जीव देणारी बाई, पण आमच्या खाण्यानं तिला हैराण केलं. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा करण्यात तिचा हातखंडा, आणि वाट्याला आले हे दोघे: मी लिंगायताची, अंडंसुद्धा न शिवणारी, आणि वर्धमान कांदा-लसूणही न खाणारा. "मग तुम्ही जगताय तरी कशावर," असं ती काळजीनं विचारायची. शेवटी आमच्यासाठी गूळ-शेंगदाण्यांचा एक डबा वेगळा झाला. रस्सा शिजताना मात्र मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची, हे आज कबूल करायला हरकत नाही. अव्वा आता नाही.

तानाजीदादांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की दाराला लोखंडी ग्रिल बसवायचं ठरलंय, माप दिलंय. तात्या दोनदा घरातून गेले होते. एकदा कारखान्याच्या फाटकाशी सापडले, एकदा नदीच्या काठाला. मी बाईंकडून शिकलेलं सगळं घडाघडा बोलून दाखवलं, कोंडून घातलं तर माणूस आणखी बिथरतं वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

"एकदा कडी लावली हुती," ते म्हणाले. "हात सुजंस्तवर दार बडिवलं त्यांनी. म्हशीस्नी हाका मारत हुतं. मला काय कळत न्हाई व्हय त्यातलं? पर तिसऱ्यांदा कुठं गावतील सांगा की. मला माझा बा जित्ता पायजे. कुलपात का हुईना."

शेवटी वहिनीच मध्ये पडल्या आणि दिवाळीपर्यंतची मुदत ठरली. तोवर तात्या एकदाही गेले नाहीत तर ग्रिल नको. एकदा जरी गेले, तर भाऊबीज झाली की ते बसणार. त्या दिवसापासून मला रात्रंदिवस ते ग्रिल दिसायला लागलं, आणि त्याच धांदलीत आम्ही ते एकेचाळीस कागद केले.

कागदांना यश आलं, असं आम्हाला वाटलं. तात्या प्रत्येक कागदापुढं थांबायचे, त्याच्या किनारीवरून बोट फिरवायचे, ओठ हलवायचे. वर्धमान मला कोपरानं ढोसायचा आणि वहीत लिहायचा, 'वाचतात. प्रतिसाद चांगला.' दोन आठवडे ओळीनं 'प्रतिसाद चांगला' अशी नोंद आहे. वही अजून माझ्याकडं आहे, म्हणून सांगते. मग एका दुपारी मी बघितलं, तर तात्या संडासाच्या बंद दारापुढं चपला काढून, हात जोडून उभे. मी जवळ गेले, तसं त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, "पोरी, ह्यो कुठला द्येव म्हणायचा?"

मी स्वयंपाकघरात धावले. मंगलवहिनी खाली बघत लसूण सोलत होत्या. तात्यांना वाचता येतं ना, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "न्हाई की. साळंत कवा गेल्यात ते? म्हशीमागंच जल्म गेला." मग आम्हाला आधी का नाही सांगितलं? त्यावर त्या ओशाळं हसल्या. "तुम्ही एवढ्या हौसेनं चिकटवायलाय, म्हटलं कशाला मन मोडायचं. अक्षार लई चांगलं हाय पर."

मी हसत खालीच बसले. वर्धमान हसला नाही. आम्ही दोन शिकलेली माणसं, चार रविवार प्रशिक्षण घेतलेली, आणि समोरच्या माणसाला वाचता येतं का हा प्रश्न आमच्या डोक्याच्या आसपासही फिरकला नव्हता. आमच्या मिरचीच्या दुकानातल्या हमालांपैकी निम्म्यांना वाचता येत नव्हतं. ते पोत्यांवरच्या दोऱ्याच्या रंगावरून माल ओळखायचे. मी ते लहानपणापासून बघत होते. तरीही सुचलं नाही, याची लाज मला वर्धमानपेक्षा जास्त वाटायला हवी होती.

कागद काढायला वर्धमान स्टुलावर चढला तेव्हा माळ्यावरच्या एका पोत्याला त्याचा धक्का लागला. पोतं खाली आलं ते दणदणाट करत. त्यातून पितळी घंटा बाहेर घरंगळल्या, म्हशींच्या गळ्यात बांधायच्या असतात तशा. त्याच क्षणी आतल्या खोलीतून तात्यांचा आवाज आला, "चांदणी आली जणू." आणि खाटेवरून उठायला ज्यांना गुडघ्यांमुळं एरवी फार वेळ लागायचा, ते तात्या झटक्यात उठून सोप्यात आले. खाली बसले. एकेक घंटा उचलून कानाशी हलवू लागले. ही राधा. ही मोरी. ही काशी. आणि एक घंटा एका अंगाला चेपलेली होती, ती इतरांसारखी खणखणायची नाही. नुसतं 'खद्द, खद्द' करायची. ती त्यांनी दोन्ही हातांत धरली. ही चांदणी. दिवाळीच्या पाडव्याला शर्यतीत पळताना मोटरसायकलीला धडकली होती, घंटा चेपली, पण म्हस थांबली नाही, पहिली आली. मुलाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. सुनेला ते 'ओ बाई' म्हणायचे. पण चार म्हशींच्या खोड्या त्यांनी आम्हाला दिवेलागणीपर्यंत ऐकवल्या, आणि मंगलवहिनी हातातलं काम टाकून दाराला टेकून ऐकत राहिल्या.

दारांना घंटा बांधायची कल्पना कुणाची यावर वर्धमान आणि मी नंतर खूप भांडलो. कुठली घंटा कुठं, हे मात्र तात्यांनीच ठरवलं. राधा खादाड, ती स्वयंपाकघराला. मोरी पाण्यात शिरली की बाहेर यायची नाही, ती न्हाणीला. काशी एकलकोंडी, कुणाला जवळ येऊ द्यायची नाही, ती संडासाला. चांदणी नेहमी सगळ्यांच्या पुढं चालायची, ती पुढच्या दाराला. आता त्यांना जायचं असलं की आम्ही हळूच त्या त्या दाराची दोरी ओढायचो आणि ते आवाजाच्या मागं बरोबर जायचे. रोज जमायचं असं नाही. कधी ते न्हाणीत जाऊन मोरीला रागवत बसायचे आणि अंघोळ राहूनच जायची. पण वहिनींना एक मोठा आधार झाला: पुढच्या दाराला हात लागला की 'खद्द' असा आवाज यायचा आणि त्या हातातलं टाकून धावायच्या. पाच वाजता आम्ही बादली घेऊन त्यांच्याबरोबर गोठ्यात जायचो. तिथं तात्या वर्धमानला अंगठा आत मुडपून धार कशी काढायची ते शिकवायचे. म्हस नव्हती, पण त्यानं बिचाऱ्याचं काही अडलं नाही. वर्धमान उकिडवा बसून हवेत धारा काढायचा आणि तात्या त्याच्या मनगटावर चापट मारायचे. रडणं थांबलं. आजही कुठं तशी चेपलेली घंटा वाजली की मी मान वळवते, आणि माझी मुलगी मला हसते.

दिवाळी आली. वसुबारस, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन सरलं, तात्या एकदाही गेले नाहीत. ग्रिल तयार होऊन आदल्याच दिवशी येऊन पडलं होतं, तानाजीदादांनी ते कट्ट्याजवळ भिंतीला उभं करून ठेवलं होतं. पाडव्याच्या दिवशी त्यांना पाळी होती, आणि मंगलवहिनींनी वर्षभरात पहिल्यांदा हिंमत केली: कोडोलीला बहिणीकडं जाऊन संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं. नवं लुगडं नेसून त्या बोळाच्या तोंडापर्यंत गेल्या, तिथून परत आल्या, तात्यांच्या गोळ्या कुठं आहेत ते तिसऱ्यांदा सांगितलं आणि गेल्या. दिवसभर मी आणि वर्धमान. अव्वानं करंज्यांचा डबा दिला होता. मी मनातून फार खूश होते. आता एक पाडवा आणि एक भाऊबीज, की आम्ही जिंकलो.

बावड्यात पाडव्याला काय असतं हे मला ऐकून माहीत होतं, बघितलेलं नव्हतं. दुपार कलली तशा म्हशी बाहेर पडू लागल्या. अंगाला तेल लावून आरशासारख्या केलेल्या, शिंगांना रंग, डोक्यावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्या, पायांत चाळ. मालक पुढं मोटरसायकलवर, सायलेन्सर काढलेला, आणि त्या आवाजामागं म्हस चौखूर उधळलेली. प्रत्येकीला आपल्याच गाडीचा आवाज कळतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसांच्या भिंती, शिट्ट्या, हलगी. आणि घंटा. शेकडो घंटा. मी स्वयंपाकघरात तात्यांसाठी दूध तापवत होते, वर्धमान मागं गोठ्यात पाणी भरत होता. मला वाटत होतं, वर्धमान आहे सोप्यात. त्याला वाटत होतं, मी आहे. मध्येच कुठंतरी 'खद्द' झालं असणार. सगळा गाव वाजत होता, त्यात आमची ती एक घंटा. जिच्या भरवशावर आम्ही महिनाभर निवांत होतो, ती त्या एका दिवशी कुणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि हा साधा विचार आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आला नव्हता. मी दूध घेऊन सोप्यात आले. खाट रिकामी. दार उघडं. दाराची दोरी लोंबत होती, तिला घंटा नव्हती.

पहिल्यांदा माझी नजर गेली ती त्या भिंतीला टेकलेल्या ग्रिलवर. वर्धमान मोपेड घेऊन नदीकडं गेला, मी रस्त्याकडं पळाले. एवढ्या गर्दीत एक म्हातारा कुठं शोधायचा? मी दिसेल त्याला विचारत सुटले. कुणी म्हणायचं, "कुणाकडचं पावणं तुम्ही?" कुणी हात लांब करायचं, भलतीकडंच. तात्यांना ओळखणारे पुष्कळ होते, पण ते आजारी आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. घरच्यांनी लाजेखातर कुणाला सांगितलंच नव्हतं. "तात्या व्हय? असतील की म्हशी बघत. त्यास्नी काय हुतंय," असं म्हणून लोक पुन्हा रस्त्याकडं तोंड करायचे. मी दोन बोळ ओलांडले, तिसऱ्यात शिरले, मग कुठून आले तेच कळेना. एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बसले आणि डोळे मिटले. विचार करायला नव्हे. नुसती दमले होते.

डोळे मिटल्यावर आवाज सुटे झाले. चाळांचा वेगळा, हलगीचा वेगळा, घंटांचा वेगळा. सगळ्या घंटा खणखणत होत्या, आणि त्यांच्या खालून, सावकाश, 'खद्द. खद्द.' मी उठले आणि त्या आवाजाच्या मागं चालू लागले. तात्या जसे न्हाणीकडं जायचे तशीच, ऐकत ऐकत. मारुतीच्या देवळापाशी वडाला पार होता, त्यावर तात्या बसले होते. कुणीतरी त्यांना लाल फेटा बांधला होता. हातात चांदणीची घंटा, मांडीवर कागदात चकल्या, भोवती चार जुनी मित्रमंडळी. रस्त्यावरून म्हस पळत गेली की ते घंटा हलवायचे आणि त्या म्हशीबद्दल काहीतरी वाईट बोलायचे, आणि सगळे हसायचे. मी त्यांच्यापुढं जाऊन रडायला लागले.

तात्यांनी मला खालून वर न्याहाळलं. घामेजलेली, केस सुटलेली, एका पायात चप्पल नाही.

"चुकलीस व्हय पोरी?" ते म्हणाले. "रडू नगंस. चल, घरला सोडतो."

आणि खरंच त्यांनी माझा हात धरला. एका हातानं घंटा वाजवत ते पुढं, मी मागं. म्हातारपणीही त्यांचा पंजा फावड्यासारखा खरखरीत होता. घर त्यांना नक्की माहीत नव्हतं. पहिल्या घराशी थांबले, ते आपलं नव्हे. तिथं लाडू मिळाला. दुसऱ्या घराशी थांबले, तिथं शेव. तिसऱ्या घरात हौसाक्का म्हणून एक म्हातारी होती, तिनं आम्हाला आतच घेतलं. तात्यांनी तिला ओळखलं नाही, तशी ती तोंड फिरवून बसली. मग मात्र मी बाईंचा नियम, घरच्यांची लाज, सगळं बाजूला ठेवून तिला सांगितलं, की ह्यांना आजार आहे, ते पोटच्या पोरालाही ओळखत नाहीत. हौसाक्काच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली. "आन् मी म्हटलं म्हातारं मानी झालंय. हाक मारली तरी बघत न्हाई. वरीस झालं, बोलणं सोडलंय मी त्यांच्याशी." मग तिनं उठून तात्यांच्या पाठीवरून हात फिरवला, त्यांच्या फेट्याचं सुटलेलं टोक खोचलं आणि आम्हाला घरापर्यंत पोचवायला निघाली. वाटेत तिनं प्रत्येक दाराशी थांबून ते सांगितलं. बोळाच्या तोंडाशी येईस्तोवर आमच्याबरोबर दहा-बारा बाया होत्या.

कट्ट्यावर तानाजीदादा उभे होते, पाळी संपवून आलेले. शेजारी हातपाय गाळून वर्धमान, आणि मागं ते ग्रिल. कोडोलीहून वहिनीही तेवढ्यात पोचलेल्या, पिशवी अजून हातात. खोटं बोलायची सोय नव्हती. मी सगळं सांगितलं: दार उघडं राहिलं, घंटा ऐकू आली नाही, चूक माझी. तुम्ही म्हणाला होतात, एकदा जरी गेले तर. त्यावर बोलले ते तात्या. त्यांनी मुलाकडं परक्या माणसाकडं बघावं तसं बघितलं आणि कट्ट्याकडं हात केला.

"बसा पावणं. च्या घ्या. ही पोरगी चुकलीती पार देवळाम्होरं. रडत हुती. म्या आणली हुडकून."

तानाजीदादा मटकन कट्ट्यावर बसले. आधी मला वाटलं ते रडताहेत, मग वाटलं हसताहेत, दोन्ही होतं. "बरं झालं आणलासा," एवढंच ते तात्यांना म्हणाले, आणि त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवून घेतलं. हौसाक्का कंबरेवर हात ठेवून पुढं झाली आणि तिनं तानाजीदादांना सगळ्या बोळादेखत झाडलं, की आधी का नाही सांगितलंस, आम्ही काय मेलोय का. बोळाला दोन तोंडं, दोन्ही तोंडांना आम्ही बसलेल्या असतो दिवसभर, म्हातारा आमच्या पुढनं जाईल कसा. फक्त कळायला पाहिजे. त्यावर तात्यांनी काय केलं, तर दाराआड उभी असलेली आपली काठी ओढली आणि तिच्या मुठीला चांदणीची घंटा बांधायला घेतली. बोटं चुकत होती, गाठ बसत नव्हती, पण ते सोडायला तयार नव्हते. तानाजीदादांना ते बरं वाटलं नाही. माणसाला कुठं घंटा बांधतात का, माझा बाप आहे तो, म्हस नव्हे, असं ते म्हणाले. तात्या गाठ मारता मारता म्हणाले, "म्हशीला कमी समजू नगंस."

ग्रिल बसलं नाही. पुढच्या चार वर्षांत 'खद्द, खद्द' ऐकू आलं की बोळातलं कुणीतरी बाहेर येऊन तात्यांशी दोन शब्द बोलायचं आणि गप्पा मारत मारत त्यांना परत आणून सोडायचं. मंगलवहिनी शुक्रवारी भजनाला जाऊ लागल्या. ग्रिल मागं गोठ्याच्या भिंतीला गेलं, त्यावर वहिनींनी दोडक्याचा वेल चढवला, आणि दर पावसाळ्यात माझ्या सायकलीच्या पिशवीतून ते दोडके आमच्या घरी यायचे. अप्पा भाजी खाताना विचारायचे, हे तुझ्या म्हाताऱ्याच्या घरचे का. मी हो म्हटलं की आणखी वाढून घ्यायचे.

त्या पाडव्याला निघायच्या आधी वर्धमान कट्ट्यावर बसला आणि त्यानं वही काढली. नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, लिही, माझा निष्काळजीपणा, तात्या दोन तास बाहेर. त्यानं आपल्या त्या सुंदर अक्षरात एकच ओळ लिहिली आणि मान तिरकी करून बघितली. मी ती वाचली आणि खोडू दिली नाही. वही आता माझ्या कपाटात आहे, कागद पिवळे पडलेत, शाई अजून तशीच काळी. 'आज गिरिजा हरवली होती. तात्यांनी तिला शोधून घरी आणलं.'